चार्जिंगची अवजारे, बॅटरीचे पंप आणि विदर्भाचे ऊन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे चार्जिंगच्या अवजारांविषयी आहेत. कॉर्डलेस ड्रिल, स्क्रू पिळण्याचे मशीन, लहान ग्राइंडर, फांद्या छाटण्याची आरी आणि पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप ही साधने आता आपल्याकडे सुतारांच्या आणि कास्तकारांच्या हाती सर्रास दिसतात. त्यांच्या बॅटरीविषयीची आपली समजूत मात्र बहुतेक ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून आणि जुन्या मोबाइलवरून झालेली आहे, आणि ती येथे पुष्कळदा लागू पडत नाही. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. माझ्याकडे १८ व्होल्टचे ड्रिल आणि २ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उतरलेली बॅटरी चार्जरला लावली की दिवा नुसता लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. रात्री तीच बॅटरी व्यवस्थित चार्ज होते. दुकानदार चार्जर बदला म्हणतो. काय करावे?
(एक सुतार, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : चार्जर बदलू नका. तो बिघडलेला नाही. उलट तुमची बॅटरी वाचवण्याचे काम तो चोख करीत आहे.

तुमच्या बॅटरीच्या प्लास्टिकच्या डब्यात लिथियम-आयन जातीचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येक सेल साधारण १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे टॉर्चच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा असतो. या सेलना चिकटून तापमान मोजणारा एक लहानसा भाग बसवलेला असतो आणि चार्जर आधी त्याच्याकडून तापमान जाणून घेऊनच वीज सोडतो. लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करावा, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. काम करताना मात्र तो साधारण ६० अंशांपर्यंत चालू शकतो. तुमच्या अनुभवाचे कोडे नेमके या फरकात आहे. मे महिन्यात तुमच्या जिल्ह्यात सावलीतली हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, टिनाच्या शेडखाली ती त्याहून तापलेली असते, आणि त्यात सागाच्या चौकटीला भोके पाडून बॅटरी आतून गरम झालेली असते. म्हणून ड्रिल चालते, परंतु चार्जर नकार देतो.

हा नकार मोडून काढण्याची युक्ती कुणी सांगितली तरी तिच्या वाटेला जाऊ नये. तापलेल्या सेलमध्ये वीज भरली की आतला द्रव आणि इलेक्ट्रोड यांच्यातील नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. ही घट रात्री बॅटरी थंड झाल्यावर भरून निघत नाही. ज्या चार्जरमध्ये तापमान पाहण्याची सोयच नसते, असे स्वस्त चार्जर आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या एका हंगामात निकामी करतात, हे मी दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार पाहिले आहे.

बॅटरी उतरली की ती ड्रिलमधून काढावी आणि मातीच्या भिंतीच्या किंवा कवेलूच्या घरात, पंख्याखाली, जमिनीवर अर्धा-पाऊण तास ठेवावी. हाताला ती नुसती कोमट लागू लागली की चार्जरला लावावी. लवकर थंड व्हावी म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवू नये आणि ओल्या दुपट्ट्यातही गुंडाळू नये, कारण आत दव धरते आणि सर्किटवर गंज चढतो. कूलरच्या अगदी तोंडाशीही ठेवू नये; त्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात. मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या अवजारपेटीत भर दुपारी विसरलेली बॅटरी काम न करताही झिजते, आणि ती पूर्ण भरलेली असेल तर अधिक झिजते.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या कामाला उपयोगी पडेल. अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत बहुधा तशाच दोन रांगा असतात. मोठे भोक पाडताना ड्रिलने २० अँपिअर ओढले, तर लहान बॅटरीच्या प्रत्येक सेलमधून ते सगळे २० अँपिअर जातात, मोठ्या बॅटरीत मात्र प्रत्येक सेलच्या वाट्याला १० येतात. सेलमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे प्रत्येक सेल चौपटीने कमी तापतो. साग किंवा बाभळीच्या लाकडात दिवसभर मोठा बिट चालवायचा असेल, तर पुढची बॅटरी घेताना मोठी घ्यावी. ती केवळ जास्त वेळ चालते म्हणून नव्हे, तर ती थंड राहते म्हणून. तोपर्यंत मोठ्या भोकांसाठी ड्रिल १ नंबरच्या गिअरवर ठेवावे, बिटाची धार सांभाळावी, आणि जड काम सकाळी ११ च्या आत उरकावे. बोथट बिटाने पाडलेल्या भोकाची कड जळून काळी पडते. तेवढाच ताप मागे बॅटरीलाही होत असतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे बॅटरीचे तीन फवारणी पंप आहेत, दोन जुने आणि एक यंदाचा. तिन्ही चार्जर सारखे दिसतात, पिनही सगळीकडे बसते, म्हणून जो हाती येईल तो लावतो. जुन्यांपैकी एक पंप यंदा पऱ्हाटीच्या पहिल्या फवारणीला काढला तर पाच मिनिटेही चालला नाही. नवाही असाच जाईल का?
(गटाच्या एक सदस्य, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, सर्वांत आधी हाती येईल तो चार्जर लावणे आजपासून थांबवा. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे होत नाही.

जुन्या पंपांत बहुधा शिशाची बंद बॅटरी असते आणि अलीकडच्या काही पंपांत लिथियमची. पंपाच्या तळाचे झाकण स्क्रू काढून उघडले की फरक लगेच कळतो. शिशाची बॅटरी म्हणजे विटेसारखा घट्ट चौकोनी ठोकळा. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या अशा ठोकळ्याचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची बॅटरी एका किलोच्याही आत असते आणि ती बहुधा प्लास्टिकच्या रंगीत वेष्टनात गुंडाळलेली असते. दोन्हींवर १२ व्होल्ट असेच लिहिलेले असते, आणि घोळ तेथेच होतो.

आता चार्जरची पाटी वाचा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारण १४ ते १४.८ व्होल्ट देतो. तीन सेलच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर १२.६ व्होल्टवर थांबतो, कारण तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. शिशाचा चार्जर या लिथियमच्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलला ४.२ ऐवजी ४.७ ते ४.९ व्होल्ट मिळू पाहतात. आत एक संरक्षक सर्किट असते आणि ते पुरवठा तोडते, पण त्या एका सर्किटवर घराची सुरक्षितता सोडणे योग्य नाही. ते निकामी झाले तर सेल पेट घेऊ शकतो. उलट, लिथियमचा १२.६ व्होल्टचा चार्जर शिशाच्या बॅटरीला लावल्यास आग लागणार नाही, पण ती कधीच पूर्ण भरणार नाही आणि काही आठवड्यांत मरगळेल. लिथियमचाच आणखी एक प्रकार आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याच्या चार सेलच्या बॅटरीचा चार्जर १४.६ व्होल्टचा असतो. म्हणून आकडा जवळपास जुळतो एवढ्यावर समाधान मानू नका; बॅटरीवरचे नाव आणि चार्जरवरचे नाव दोन्ही जुळले पाहिजे. तीन रंगांचा ऑइल पेंट आणून प्रत्येक पंपावर आणि त्याच्याच चार्जरवर एका रंगाचा ठळक पट्टा ओढावा. ज्या बायांना पाटी वाचता येत नाही, त्यांनाही रंग कळतो.

जुना पंप का गेला, याचा माझा अंदाज असा की, दिवाळीच्या सुमारास शेवटची फवारणी झाल्यावर तो उतरलेल्या अवस्थेतच कोठ्यात ठेवला गेला असावा. शिशाची बॅटरी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. शिवाय ती नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. आपला उन्हाळा तिच्यासाठी फार लांब असतो. तुमच्या त्या पंपाची बॅटरी आता बदलावीच लागेल. पंप, मोटर आणि नळी चांगली असेल तर संपूर्ण पंप टाकून देण्याचे कारण नाही.

पुढच्या हंगामासाठी दोन वेगळे नियम ध्यानात ठेवावेत. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि अधूनमधून पुन्हा भरायची : पंप धुऊन ठेवताना एकदा, मग संक्रांतीला, होळीला आणि अक्षय तृतीयेला. सणाचा दिवस लक्षात राहतो, म्हणून सणच सांगितले. लिथियमची बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवू नये. अर्धी भरलेली, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर मीटर लावल्यास सव्वाअकरा व्होल्टच्या आसपास, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी आणि त्याच सणांना तपासून फार उतरली असेल तरच थोडी भरावी. फवारणीच्या दिवसांत मात्र दोन्ही प्रकार त्याच संध्याकाळी चार्ज करावेत. आधी पंप बाहेरून धुवावा, हात साबणाने धुवावेत, चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण कोरड्या फडक्याने पुसावे. औषधाचे थेंब त्या छिद्रात सुकले की पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, जोड सैल होतो आणि तेथेच चटके बसू लागतात. आणि पंप स्वयंपाकघरातल्या बोर्डावर कधीही लावू नये; तेथे बॅटरीपेक्षाही औषधाची भीती मोठी आहे.

प्रश्न : बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये आणि नवी बॅटरी पहिल्यांदा सलग ८ तास चार्ज करावी, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का?
(एक वाचक, कारंजा, जि. वाशिम)

उत्तर : लिथियमच्या बॅटरीसाठी दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. हे नियम निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. लिथियमची बॅटरी मधेच, कितीही वेळा चार्ज करता येते, आणि पूर्ण भरल्याचा दिवा लागला की काम झाले. उलट ती तळापर्यंत उतरवणे हेच तिला मारक आहे. ड्रिलचा जोर कमी झाला की थांबावे; बंद पडल्यावर, आणखी एक स्क्रू बसेल या आशेने ट्रिगर पुनःपुन्हा दाबू नये. दिवसभराच्या कामासाठी सकाळी पूर्ण भरून नेण्यात काही वावगे नाही, फक्त पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस तशीच पडू देऊ नये.

प्रश्न : मी ग्रील-खिडक्यांचे फॅब्रिकेशन करतो. बाजारातून ‘८८ व्होल्ट’ लिहिलेली बॅटरी स्वस्तात घेतली, पण जुन्या १८ व्होल्टच्या बॅटरीएवढीही चालत नाही. तिच्यात लॅपटॉपचे जुने सेल टाकून देतो असे एक जण म्हणतो. दुसरी एक बॅटरी शून्य व्होल्ट दाखवते, तिला थेट वायर लावून ‘झटका’ द्यावा का?
(एक तरुण कारागीर, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्याकडे मीटर असेलच. ती ‘८८’ची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्या जाड दोन टोकांवर मीटर धरा. बहुधा २० ते २१ व्होल्ट दिसतील. म्हणजे आत तेच पाच सेल आहेत, कारण पाच सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५ गुणिले ४.२, अर्थात २१ व्होल्टच होते. तीच बॅटरी एक जण १८ म्हणून विकतो, कारण सेलचा सरासरी दाब ३.६ धरतात, दुसरा २० किंवा २१ म्हणून विकतो. येथपर्यंत दोघेही खोटे नाहीत. ८८ हा आकडा मात्र विजेचा नाही, विक्रीचा आहे. बॅटरीत किती ऊर्जा आहे हे जाणण्याचा सोपा मार्ग म्हणजे व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे : १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. खरेदी करताना ही संख्या, भारतीय मानक ‘आयएस १६०४६’ हा उल्लेख आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर आहे का ते पाहावे, आणि बिल घ्यावे.

लॅपटॉपचे सेल टाकू नका. हे मी पुस्तकावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मिस्त्रीच्या १८ व्होल्टच्या बॅटरीतला एक सेल मेला होता. मी तो काढून त्या जागी जुन्या लॅपटॉपमधला, मीटरवर चांगला दिसणारा सेल बसवला. बॅटरी चालली, मिस्त्री समाधानाने घेऊन गेला. पंधरा दिवसांनी तो ती परत घेऊन आला, कारण चार्ज करताना तिचा एक कोपरा तापत होता. मी डबा उघडला तेव्हा चार सेल सव्वाचार व्होल्टच्या खाली होते आणि मी बसवलेला सेल त्याच्या बराच वर गेलेला होता. मी मीटर खाली ठेवेपर्यंत त्या सेलच्या टोकातून सापाच्या फुत्कारासारखा आवाज आला, गोडसर, रंगाच्या पातळ द्रावणासारखा वास पसरला आणि लगेच वीतभर लांब ज्वाळ निघाली. आम्ही दोघे मागे सरलो म्हणून वाचलो. मिस्त्रीचा लहान मुलगा दारातच होता, हे आजही आठवले की माझा हात थांबतो. चूक पूर्णपणे माझी होती.

तिचे कारण समजून घ्या. एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून सारखाच प्रवाह जातो. त्यांतला एक सेल थकलेला, म्हणजे कमी क्षमतेचा असला, तर तो इतरांच्या आधी भरतो आणि इतरांच्या आधी रिकामा होतो. प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारे सर्किट नसेल, तर चार्जरला फक्त एकूण २१ व्होल्ट दिसतात. त्यात एक सेल मर्यादेबाहेर गेलेला आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय लॅपटॉपचे सेल एका वेळी थोडाच प्रवाह देण्यासाठी बनवलेले असतात. ग्राइंडर सुरू करताना जो झटक्याचा प्रवाह लागतो, तो त्यांना पेलत नाही. सेल बदलायचेच असतील, तर पाचही सेल एकाच बनावटीचे, जास्त प्रवाहाचे आणि नवे हवेत, जोडणी स्पॉट वेल्डिंगची हवी, कारण सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आतपर्यंत जाते. आणि हे काम त्याची साधने असलेल्या माणसानेच करावे.

शून्य व्होल्टच्या बॅटरीला झटका देण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. सेल फार खाली उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते. पुन्हा वीज भरली की ते तांबे नको त्या जागी जमते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. अशी बॅटरी त्या दिवशी चार्ज झाल्यासारखी वाटते, आणि धोका नंतर केव्हातरी उभा राहतो. चार्जरने तिला नाकारले असेल, तर त्याचे ऐकावे.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बसवणारे जोडतुकडेही आता मिळतात. काही बनावटींमध्ये बॅटरी फार उतरू न देण्याची सोय बॅटरीत नसून मशीनमध्ये असते. जोडतुकडा लावला की ती सोयच नाहीशी होते आणि शून्य व्होल्टच्या बॅटऱ्या अशाच तयार होतात. तुमची बॅटरी अशी वापरात होती का, ते आठवून पाहा.

प्रश्न : गावातली लाईट दिवसा दोन-तीनदा जाते, म्हणून रात्री बॅटरी चार्जिंगला लावून आम्ही झोपतो. बोर्ड मधल्या खोलीत आहे. हिवाळ्यात त्याच खोलीत कापूस भरलेला असतो. काही धोका आहे का?
(एक कास्तकार, अकोट तालुका, जि. अकोला)

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. बाकीची पत्रे मागे ठेवून तुम्हाला आधी पोस्टकार्ड पाठवले, ते याचसाठी.

भाव वाढेल या आशेने वेचणीनंतर कापूस महिनोन्‌महिने घरात साठवून ठेवण्याची पाळी आपल्यावर येते. त्याच घरात लेकरे झोपलेली असतात. कापूस ठिणगीने पेटतो, पण त्याहून वाईट म्हणजे तो आतल्या आत धुमसतो. वरून विझलेला दिसणारा ढीग तासन्‌तास आतून जळत राहतो आणि मध्यरात्री पुन्हा पेट घेतो. चांगल्या चार्जरवरची चांगली बॅटरी सहसा पेटत नाही, हे खरे आहे. परंतु सैल सॉकेट, तीन-तीन वायरी खोचलेला मल्टिप्लग, लाईट परत येताना वाढलेला दाब, यांतले काहीही चटका देऊ शकते, आणि समोर कापूस असेल तर तेवढे पुरते. म्हणून कापसाच्या खोलीत चार्जिंग मुळीच करू नये, दिवसाही नाही आणि मोबाइलचेही नाही. ती खोली रिकामी करणे शक्य नसेल, तर वायरमनला बोलावून ओसरीत एक स्वतंत्र बोर्ड काढून घ्यावा. हा खर्च पुढे ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ओसरीतही बॅटरी गादीवर, पोत्यावर, लाकडी फळीवर किंवा तणसाजवळ न ठेवता शहाबादी फरशीवर ठेवावी, आणि आजूबाजूला हातभर जागा मोकळी असावी. रात्रभर चार्जिंगची गरजही नसते. २ अँपिअर-तासाची बॅटरी बहुतेक चार्जरवर तासाभरात भरते, आणि ४ अँपिअर-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर दोन-अडीच तास घेते. जेवणाच्या आधी लावावी आणि झोपण्यापूर्वी काढावी. तेवढ्या वेळात कुणीतरी जागे असतेच. लाईट गेली की चार्जर बोर्डावरून काढावा आणि ती परत येऊन पाच-दहा मिनिटे स्थिर राहिल्यावर पुन्हा लावावा. घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर पहिल्या वेळी जवळ बसून पाहावे; काही स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेवर चार्जर गुणगुणतो आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. असे झाले तर तेथे लावू नये.

तरीही कधी बॅटरीतून धूर निघाला, फुसफुस ऐकू आली किंवा गोडसर वास आला, तर आधी माणसे बाहेर काढावीत. मेन स्विच हाताशी असेल तर बंद करावा. बॅटरी हाताने उचलू नये. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून तोंडाला कापड बांधून आत शिरण्याचे धाडस करू नये. वीज नक्की तोडली असेल आणि दुरून शक्य असेल, तर हौदातले पाणी भरपूर ओतावे. वाळू टाकल्याने ज्वाळा दबतात, पण सेल थंड होत नाहीत. एक सेल तापून शेजारचा पेटतो, ही साखळी तोडायला थंडावा लागतो आणि तो पाण्यानेच मिळतो. अग्निशामक दलाचा क्रमांक १०१ आहे, ११२ लावला तरी चालतो. तालुक्याहून गाडी यायला वेळ लागतो, म्हणून धूर दिसताच फोन करावा, आग वाढण्याची वाट पाहू नये. विझलेली बॅटरी पूर्ण एक दिवस घर, कोठा आणि गंजी यांपासून दूर उघड्यावर राहू द्यावी, कारण ती पुन्हा पेटू शकते.

प्रश्न : नाला ओलांडताना पिशवी पाण्यात पडली, त्यात छाटणीच्या आरीची बॅटरी भिजली. वाळवून वापरता येईल का? आणि घरात अशा तीन-चार मेलेल्या बॅटऱ्या पडून आहेत, त्या भंगारात द्याव्यात का?
(एक वाचक, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : पावसाचे चार थेंब बाहेरून लागले असतील तर पुसून, कोरडी करून वापरता येते. पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र वापरू नये. पाणी आतल्या पट्ट्यांपर्यंत गेलेले असते, गाळ तेथेच सुकतो आणि चार्ज करताना शॉर्ट होते. बाहेरून ती कोरडी ठणठणीत दिसते, म्हणूनच ती फसवते. तिला उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. मिठाच्या पाण्यात बुडवली की बॅटरी ‘मरते’ असे काही जण सांगतात, तेही करू नये. त्यातून वायू निघतात आणि डबा गंजून फुटतो.

मेलेली बॅटरी म्हणजे रिकामी बॅटरी नव्हे. ड्रिल चालवायला न पुरणारी वीज ठिणगी पाडायला पुरेशी असते. म्हणून तिच्या धातूच्या टोकांवर आधी वायरमनची काळी टेप चिकटवावी. चांगली बॅटरीसुद्धा खिळे, स्क्रू आणि बिट यांच्या पिशवीत उघडी टाकू नये; तिचे टोपण हरवले असेल तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा बांधावा. भंगारवाल्याच्या पोत्यात लोखंडाखाली ती चेपली किंवा हातोड्याखाली आली तर तेथेच पेटते, आणि ते पोते बहुधा त्याच्या घराला लागून असते. चुलीत, होळीत किंवा विहिरीत तर ती कधीच टाकू नये.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते. ती नेहमीच्या कचऱ्यात टाकू नये, असा त्याचा अर्थ. ज्या दुकानातून मशीन घेतले तेथे, किंवा त्या कंपनीच्या सेवा केंद्रात ती द्यावी, आणि दुकानदार नाही म्हणाला तर त्याला हा नियम सांगावा. शिशाची बॅटरी असेल तर बॅटरीच्या दुकानात नवी घेताना जुनीचे पैसेही वळते होतात. ब्रह्मपुरीला किंवा नागपूरला जाणे होईपर्यंत तुमच्या त्या तीन-चार बॅटऱ्या टोकांना टेप लावून, एकमेकींना लागणार नाहीत अशा, प्लास्टिकच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून घराबाहेरच्या सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. प्रत्येकीच्या टेपवर ‘खराब’ असे लिहून तारीख टाकावी, म्हणजे घरातले दुसरे कुणी ती चांगली समजून चार्जरला लावणार नाही.